छप्पर धड, तरी पाणी टपटप

मंडळी, अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीत बाथरूमच्या छतातल्या पंख्यातून पाणी टपकू लागलं की आपला पहिला संशय छपरावर जातो. पण बरेचदा गुन्हेगार घरातलीच वाफ असते. अंघोळीची दमट हवा माळ्यावरच्या गारठलेल्या डक्टमध्ये शिरते, तिचं पाणी होतं आणि तेच खाली येतं.

हा घोळ जुना आहे बरं का! १९३० च्या दशकात तिथल्या लाकडी घरांच्या भिंतींत इन्सुलेशन भरायला लागले आणि बाहेरचा रंग सोलून निघू लागला. रंगाऱ्यांनी खापर फोडलं इन्सुलेशनवर. म्हणे ते पाणी ओढतं! १९३८ साली टायलर रॉजर्स या लेखकाने आर्किटेक्ट मंडळींना समजावलं, की आतली वाफ भिंतीत शिरून थंड लाकडावर जमते. १९४२ मध्ये गृहकर्जांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी खात्याने नियमच केला. माळ्याच्या दर ३०० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झरोका हवा.

थोडक्यात काय, लक्षण एकीकडे, बग दुसरीकडे. तेव्हा छप्पर उचकटण्याआधी डक्टला इन्सुलेशन गुंडाळा, त्याचं तोंड घराबाहेर उघडतंय ना ते बघा आणि अंघोळीनंतर पंखा थोडा वेळ चालू ठेवा. वाफ माळ्यातच सुटत असेल तर लाकूड कुजतं, आणि तो खर्च पंख्याच्या विजेपेक्षा फार मोठा!