चाक किती लहान असावे? ब्रेकच्या इतिहासातून एक उत्तर

औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेपासून सरस्वती भुवनच्या बाजूने कोणत्याही दुपारी एक चक्कर मारली, तर चाकांचे छोटेसे प्रदर्शनच पाहायला मिळते. रिक्षाचे चाक ८ इंची, जुन्या चेतक स्कूटरचे १० इंची, मोटरसायकलचे १७ इंची, सायकलचे त्याहून मोठे. आणि भाजीच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या एखाद्या एसयूव्हीचे चाक १८ किंवा १९ इंची. (हे आकडे टायरचे नसून टायर ज्यावर बसतो त्या रिमच्या व्यासाचे असतात.) रस्ता तोच, खड्डे तेच, मग चाके इतकी निरनिराळी का?

मुलांना विचारले तर ती म्हणतात, “मोठी गाडी, मोठे चाक.” उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गेली काही वर्षे एसयूव्ही बाळगणाऱ्यांपैकी काहीजण उलट दिशेने जात आहेत. कंपनीने दिलेले मोठे रिम काढून ते लहान रिम बसवू पाहतात. लहान रिम बसवले की टायरची रबरी भिंत उंच होते. खड्ड्यात आपटल्यावर ती दबते आणि रिम वाचते. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी करून चालवता येते. हेतू चांगलाच आहे. परंतु लहान रिम आणून लावायला जावे तर बरेचदा ते बसतच नाही, आत ब्रेक आडवा येतो. मग सुचवले जाते, “ब्रेकच लहान बसवू.” या एका वाक्यात सव्वाशे वर्षांचा इतिहास उलटा फिरवला जातो. तो इतिहास आधी पाहू.

ब्रेक चाकावर होता तेव्हा

बैलगाडीच्या मोठ्या चाकाला तुंबा, आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून या धावेवर लाकडी ठोकळा दाबायचा, एवढाच ब्रेक. युरोपातल्या घोडागाड्यांतही हीच रीत होती, आणि रेल्वेच्या मालडब्यांत आजही ठोकळा थेट चाकाच्या घेरावर दाबला जातो. या रचनेत चाक आणि ब्रेक वेगळे नाहीतच. चाकाचा पूर्ण व्यास ब्रेकच्या कामी येतो, त्यामुळे थोड्या दाबात पुष्कळ रोध मिळतो.

ही सोय मोडली ती रबराने. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली घेतले होते, पण तो प्रत्यक्षात रुळला तो १८८८ नंतर, जॉन बॉइड डनलॉप यांच्यामुळे. हवेच्या टायरवर वेगाने ठोकळा दाबत राहिले तर टायर झिजतो, तापतो, फुटतो. म्हणून मोटारगाडीत ब्रेकला चाकाच्या घेरावरून उठून आत, आसाजवळ जावे लागले. सायकलने मधला मार्ग काढला. तिचा ब्रेक टायर सोडून रिमवर दाबतो.

१९०२ साली दोन कल्पना जवळजवळ एकदमच पुढे आल्या. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला. यात चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दोन अर्धगोल शू बाहेर दाबतात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. आजच्या डिस्क ब्रेकचा हा पूर्वज. लँचेस्टर यांची चकती कर्कश ओरडे आणि लवकर झिजे, कारण तिला साजेसे घर्षण-पदार्थ तेव्हा नव्हते. ड्रम जिंकला आणि पुढची पन्नास वर्षे त्याचेच राज्य होते. १९२१च्या ड्यूझनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले, पण चाकात बसलेला होता ड्रमच.

चाक आणि ब्रेक यांची ओढाताण येथून सुरू झाली. ब्रेक आता रिमच्या पोकळीत राहणारा भाडेकरू झाला. घर जेवढे मोठे, तेवढाच तो वाढू शकतो.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

ब्रेक गाडी थांबवतो हे खरे, पण थांबवतो म्हणजे काय करतो? गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. नववी-दहावीच्या सूत्राने हिशेब करू. २००० किलोग्रॅमची एसयूव्ही ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात आहे.

गतिज ऊर्जा = ½ × २००० × २५ × २५ = ६,२५,००० ज्यूल.

एवढ्या उष्णतेने खोलीच्या तापमानाचे सुमारे दोन लिटर पाणी उकळू लागेल. ही ऊर्जा चार सेकंदांत बाहेर काढायची, तर ब्रेकची शक्ती सुमारे १५६ किलोवॅट होते. पाणी तापवायच्या १५०० वॅटच्या शंभर हीटरांइतकी!

आता घाट घेऊ. आपल्याकडून धुळ्याला जाताना कन्नड ओलांडले की चाळीसगावच्या बाजूला औट्रम घाट उतरतो. खानदेशात भिल्ल कोअर उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्याला पडले आहे. हिशेबासाठी घाटात गाडी ३०० मीटर खाली येते असे धरू. २००० × ९.८ × ३०० म्हणजे सुमारे ५९ लाख ज्यूल. ताशी ९० वरून गाडी नऊ वेळा थांबवावी, त्याहूनही थोडी जास्त ऊर्जा. गिअर खालचा ठेवला तर इंजिन तिचा बराच भाग शोषते. ‘चढताना जो गिअर, उतरताना तोच’ हा जुन्या चालकांचा नियम यासाठीच आहे.

ड्रम या परीक्षेत मागे पडतो. उष्णता बंद डब्यात कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. शूवरचे अस्तर तापले की घर्षणही घटते. पेडल दाबत जावे आणि गाडी कमी कमी थांबावी असा प्रकार होतो. चकती मात्र उघडी असते, हवा तिला दोन्ही बाजूंनी लागते आणि तापून जाड झाली तरी ती पॅडच्या दिशेनेच फुगते. १९५३च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली आणि हा वाद जवळजवळ मिटला. दोनच वर्षांनी, १९५५ साली, सित्रोएन डीएस या मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना चकत्या आल्या.

मिनीची गोष्ट

लहान चाकाचा हट्ट धरला तर काय होते याचा उत्तम धडा इंग्लंडच्या मिनी गाडीने दिला. १९५९च्या या गाडीत ॲलेक इसिगोनिस यांना माणसांसाठी जास्तीत जास्त जागा हवी होती, म्हणून त्यांनी चाक १० इंचांवर आणले. आपल्या चेतकएवढेच! साध्या मिनीला आतले लहान ड्रम पुरले. १९६१ साली तिचा वेगवान भाऊ मिनी कूपर आला तेव्हा डिस्क ब्रेक हवे झाले. पण १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरच्या रिममध्ये ७ इंचांचीच चकती मावली. ती तोकडी पडली. १९६३च्या कूपर एसमध्ये तिला ओढूनताणून साडेसात इंच केले. शेवटी १९८४ साली सर्व मिनी गाड्यांना पुढे ८.४ इंची चकती दिली गेली, आणि त्यासाठी चाक १२ इंची करावे लागले. पंचवीस वर्षांनी का होईना, ब्रेकने घर वाढवून घेतले.

आपल्या रस्त्यांवर हीच वाटचाल दिसते. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्या काळच्या स्कूटरी लहान चाकांच्या आणि ड्रम ब्रेकच्या. वजन थोडे, वेग बेताचा, तेव्हा ते चालून जाई. पुढे जोरकस मोटरसायकली आल्या तशी पुढच्या चाकात चकती आली. आज वाळूजच्याच एन्ड्युरन्स कंपनीत दुचाकींचे डिस्क ब्रेक तयार होतात. शहराच्या दुसऱ्या बाजूला शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्या गाड्यांची जोडणी होऊ लागली, त्यांत जड एसयूव्हीही आल्या. गाडीचे वजन आणि इंजिनाची ताकद वाढली की उष्णता वाढते, उष्णतेमुळे चकती वाढते आणि चकतीमुळे रिम. मोठ्या चाकात हौस आणि दिखाऊपणाचा भाग आहेच, पण सगळा नाही.

लहान ब्रेक बसवला तर?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. लँड रोव्हर डिस्कव्हरी या गाडीचे उदाहरण आकड्यांसाठी सोयीचे आहे. (ही कंपनी २००८ साली टाटा मोटर्सने विकत घेतली.) डिस्कव्हरीच्या २.७ लिटर डिझेल इंजिनाच्या गाडीत पुढची चकती ३१७ मिलिमीटरची होती आणि तिला १७ इंची रिम बसे. नंतर ३ लिटरचे जोरकस इंजिन आले, चकती ३६० मिलिमीटरची झाली आणि रिम १९ इंची.

१७ इंच म्हणजे ४३२ मिलिमीटर. ३१७ची चकती बसवली तर भोवती प्रत्येक बाजूला सुमारे ५७ मिलिमीटर उरतात. त्यात चकतीला चिमटा घेणारा कॅलिपर आणि रिमची स्वतःची जाडी बसवायची असते. ३६०ची चकती असेल तर उरतात फक्त ३६. कॅलिपर रिमला घासणार! १९ इंची रिममध्ये (४८३ मिलिमीटर) पुन्हा ६१ मिलिमीटर मिळतात. रिमचा आकार कोणी ठरवला हे या वजाबाकीतच दिसते.

टायरचे गणितही मुलांकडून करून घेता येईल. २५५/५५ आर १९ या टायरची भिंत २५५च्या ५५ टक्के, म्हणजे १४० मिलिमीटर. एकूण व्यास ७६३. २३५/७० आर १७ या टायरची भिंत १६४ मिलिमीटरच्या वर. एकूण व्यास ७६१. बाहेरून चाक जवळजवळ तेवढेच राहिले, रबराची उशी मात्र अडीच सेंटिमीटरने वाढली. मालकाला हवे असते ते हेच.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली तरफेची. कॅलिपरचा दट्ट्या आणि पॅड तेच ठेवले, तर रोधक आघूर्ण चकतीच्या त्रिज्येच्या प्रमाणात बदलते. ३१७ भागिले ३६० म्हणजे ०.८८. त्याच दाबाला सुमारे बारा टक्के कमी रोध. ही तूट पाय जोरात दाबून बऱ्याच अंशी भरून काढता येते. दुसरी किंमत उष्णतेची, आणि ती पाय दाबून भरत नाही. चकतीचे वस्तुमान त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी तीच धरली तर ते सुमारे २२ टक्क्यांनी घटते. समजा चारही चकत्या मिळून ४० किलोग्रॅम बीड आहे आणि घाटातली अर्धी ऊर्जा ब्रेकवर पडली. बिडाची विशिष्ट उष्णता ४६० धरली आणि वाऱ्याने होणारे थंड होणे सोडून दिले, तर तापमान १६० अंशांनी वाढेल. ३१ किलोग्रॅम बीड असेल तर २०६ अंशांनी. पुढच्या चकत्यांच्या वाट्याला याहून जास्त येते, कारण ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो.

येथे ब्रेक ऑइलचा प्रश्न येतो. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, आणि ओलावलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. कॅलिपरमधले ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल सरळ तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर चाचणी घेताना हे कधीच कळत नाही. कळते ते घाटात, भरल्या गाडीत.

मग असा बदल करूच नये का? त्याच गाडीच्या कमी ताकदीच्या प्रकारासाठी कंपनीने जे ब्रेक आणि जे रिम मिळून दिले असतील, ती जोडी निदान एकदा तपासली गेलेली असते; तीही त्या वजनाला आणि वेगाला. एकाची चकती, दुसऱ्याचा कॅलिपर, तिसऱ्याचे रिम अशी मोट बांधली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल आणि एबीएसचा हिशेब दोन्ही बिघडतात. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८चे कलम ५२ आहेच. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र जुळणार नाही असा बदल करायला ते मनाई करते. टायर फुटण्याचा त्रास कमी करायचा असेल तर कंपनीने त्याच ब्रेकसाठी मान्य केलेले सर्वांत लहान रिम कोणते हे आधी पाहावे. बरेचदा उत्तर तेथेच असते.

वर्गात करून पाहण्याजोगे

सायकल उलटी ठेवा. मागचे चाक जोरात फिरवा आणि जाड कापडाची घडी रिमवर हलकेच दाबून ते थांबवा. बोटे आऱ्यांत जाणार नाहीत याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. आता तेवढ्याच वेगाने फिरवून तीच घडी आसाजवळच्या तुंब्यावर दाबा. किती जोर लागला? चाक थांबायला किती वेळ गेला? मग सायकलचा रिम ब्रेक म्हणजे प्रत्यक्षात चाकाएवढ्या चकतीचा डिस्क ब्रेकच आहे, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. उतारावरून ब्रेक धरत आलेल्या सायकलची रिम दुरूनच हात नेऊन पाहायला सांगा. उष्णतेचा भागही समजेल.

यानंतर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रिममधून आत डोकावून चकतीचा व्यास आणि भोवतीची मोकळी जागा यांचा अंदाज घ्यायला मुलांना सांगावे. गाडीचे वजन, वेग, चकती आणि रिम असा एक तक्ता तयार होईल. त्यातली मुले उद्या गॅरेजमध्ये काम करतील, गाड्या चालवतील, विकत घेतील. “ब्रेकच लहान बसवू” असे कोणी म्हणाले, तर “उष्णता कुठे जाणार?” एवढे विचारायला ती शिकली, तरी हा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.