आरोंद्याच्या पत्त्यावर

आमच्या पणजोबांचं गाव पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्यात. परळच्या गिरणीतून ते दर महिन्याला घरी पैसे पाठवत. त्या मनिऑर्डरींच्या काही पावत्या आमच्याकडे अजून आहेत. गंमत अशी, की १९५५नंतरच्या पावत्यांवर गावाचं नावच नाही. पत्ता आहे आरोंद्याचा. आरोंदा सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोल नदीच्या अलीकडे. तिथं आमचं नात्यागोत्याचं कुणीही नव्हतं.

शाळेत असताना मी आजोबांना विचारलं, "पैसे तिकडे का जायचे?"

आजोबा म्हणाले, "अगं, तेव्हा आमचं घर परदेशात होतं."

मला ती थट्टा वाटली होती. ती थट्टा नव्हती. पेडणे पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखातलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीजांकडे गेलं आणि नदी ही सरहद्द झाली. माणसांनी मात्र ती फारशी मनावर घेतली नाही. सोयरिकी होत राहिल्या, जत्रांना येणं-जाणं चालू राहिलं. मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा दोन्ही काठांची माणसं एकाच वाटेनं आली आणि लालबाग-परळच्या चाळींत शेजारी शेजारी वळकट्या टाकून राहिली.

आपण 'चाकरमानी' म्हणतो ते हे लोक. पणजोबा ज्या गाळ्यात राहत तिथं माणसं जास्त आणि जागा कमी. पण गिरणी पाळ्यांत चालायची, त्यामुळे एकजण कामावरून आला की दुसरा उठून जायचा आणि जागा पुरायची. जेवण खानावळीत. सामान म्हणजे भिंतीला लावलेली एक ट्रंक. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांची अशीच व्यवस्था धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला होती. तिला 'कूड' म्हणत. एकेका गावाची एकेक कूड, त्यात ट्रंकांची रांग, एक छोटी वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना. बोटीवर काम करणारा खलाशी दोन सफरींच्या मधे तिथं उतरायचा. आमच्या गाळ्यात वेदीच्या जागी गणपतीची तसबीर होती, एवढाच काय तो फरक.

पणजोबांची एक वही आहे. तिच्यात खानावळ, भाडं, भिशी, उसने असे रकाने आहेत. सगळ्यात वर नेहमी एकच शब्द, 'गावी', आणि त्यापुढे रक्कम. बहुतेक महिन्यांत ३० रुपये. गावाचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात आपण जगायचं, हा हिशेबाचा नियम.

मनिऑर्डर ही तेव्हाची मोठी सोय. १८८०पासून टपालखातं ती चालवत होतं. पोस्टमन दारात येऊन रोख पैसे मोजून देई. फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. 'सर्व क्षेम' एवढं त्यात मावायचं.

मग १९५४-५५ साल आलं. गोवा सोडायला सालाझार तयार नव्हता, म्हणून भारत सरकारनं आर्थिक नाकेबंदी सुरू केली. गोव्यात पैसे पाठवण्यावर बंधनं आली. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो नि:शस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक जण मारले गेले. त्यानंतर हद्द बंद झाली, रेल्वे थांबली. पोर्तुगीज सरकारनं दुसऱ्या वाटा काढल्या. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येऊ लागलं. लोहखनिजाच्या निर्यातीतून त्यांच्याकडे पैसाही येत होता. पण परळहून येणाऱ्या ३० रुपयांवर चालणाऱ्या घरानं कुठली वाट काढायची?

पणजोबांचा पाठिंबा सत्याग्रहालाच होता. मिरवणुकांना ते जायचे. गोवा सुटावा असं मनापासून वाटायचं आणि त्याच लढ्यामुळे आपल्या घरी पैसे पोचत नाहीत, हेही दिसायचं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या होत्या. वहीत त्याबद्दल एक अक्षर नाही. फक्त दोन महिने 'गावी'पुढे रेघ मारलेली आहे.

तिसऱ्या महिन्यापासून आरोंदा. गाळ्यात बाजूला झोपणारा गडी आरोंद्याचा होता. मनिऑर्डर त्याच्या घरी जायची. तिथून त्याचा भाऊ रात्री होडी घालून पलीकडे किरणपाणीच्या बाजूला यायचा. काठावर न्यायला यायचे आमचे आजोबा, तेव्हा सतरा वर्षांचे. पैसे कधी कमी भरले नाहीत, असं ते अभिमानानं सांगायचे. लिहिलेलं काही नाही, सही नाही, व्याज नाही. हद्दीवरचा पहारा चुकवून तो भाऊ कशासाठी येत असेल, असं मी विचारलं तर आजोबांना प्रश्नच कळला नाही. "गाळ्यातलो तो," एवढंच म्हणाले.

ही गोष्ट मी बरीच वर्षं अशीच सांगत आले. सोसणारे पणजोबा, इमानी शेजारी, धाडसी आजोबा. त्या रेघ मारलेल्या दोन महिन्यांत घर कसं चाललं, हे मात्र मी विचारलंच नव्हतं.

घर पणजीनं चालवलं. तिनं पाटल्या गावातल्या एका सावकाराकडे गहाण टाकल्या आणि दुसऱ्यांच्या शेतात भात लावायला गेली. गोव्यात असं सोनं गहाण टाकणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. काहींचे दागिने तिथल्या पोर्तुगीज बँकेत, बांको नासिओनाल उल्त्रामारिनोत होते. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त होण्याआधी ते सोनं लिस्बनला हलवलं गेलं आणि १९९१ साली, तीस वर्षांनी, परत आलं. पणजीच्या पाटल्या लिस्बनला गेल्या नाहीत. त्या गावातच राहिल्या, पण सुटल्याही नाहीत.

मला आता वाटतं, की वहीत एक रकाना कमी आहे. 'गावी' आहे, 'गावाहून' नाही. आणि गावाहून तर सतत येत होतं. तांदूळ, सोलं, खोबरेल, सुकट. ते धरलं तरी हिशेब पुरा होत नाही. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरणगाव रिकामं होऊन गावाकडे गेलं. १९२८मध्ये गिरण्यांचा संप सहा महिने चालला, तेव्हाही अनेकांना गावानं पोसलं. गिरणीचा पगार एका माणसापुरता होता. आजारपण, बाळंतपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा खर्च गावातली बाई शेतात राबून भागवत होती. मनिऑर्डर पाहून आपल्याला वाटतं, मुंबई गावाला पोसत होती. बरंचसं उलटंच होतं. गाव गिरणीला पोसत होतं.

पणजोबा १९६६ला निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२चा. तो पहिल्यांदा ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड गिरण्या होत्या. त्यामुळे त्यांच्या हाती चौदा वर्षांचा फंड आला. एकरकमी, बस्स. दर महिन्याचं पेन्शन नव्हतं. त्यांनी घरावर मंगलोरी कौलं घातली, विहीर बांधून काढली. घराखालची जमीन मात्र भाटकाराची होती. गोव्यात अशा माणसाला मुंडकार म्हणतात. जमीनदारानं 'ऊठ' म्हटलं तर उठायचं. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आला. म्हणजे जन्मभराची कमाई नऊ वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवर उभी होती.

तोवर आजोबा मुंबईत गिरणीला लागले होते. आधी बदली कामगार, मग कायम. तेही खानावळीत जेवायचे. या खानावळी बहुतेक बायकाच चालवत आणि सामानासाठी जबर व्याजानं कर्ज काढत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताई स्वतः गोवामुक्तीच्या लढ्यातून मुंबईत आलेल्या. सरहद्द आणि खानावळ ही दोन्ही टोकं त्यांना ठाऊक होती. गिरणगावच्या हिशेबात बाईचं काम पहिल्यांदा कागदावर आलं ते अशा कर्जांमुळे, असं मला वाटतं.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आजोबाही गावी गेले, त्याच कौलांच्या घरात. पणजी तेव्हा सत्तरीला टेकली होती. तिनं पुन्हा भात काढलं.

आज माझा भाऊ दोह्याला आहे, मी आईबरोबर लालबागला. तो पैसे पाठवतो आणि मिनिटभरात माझ्या फोनवर मेसेज येतो. होडी नको, आरोंदा नको. त्याच्या लॅपटॉपवर एक शीट आहे. त्यात भाडं, जेवण, बचत, आणि सगळ्यात वर 'घरी'. गेल्या महिन्यात त्यानं ती मला दाखवली. मुंबईत परत येऊन म्हातारपण काढायचं तर किती लागेल, याचा अंदाज त्याला करायचा होता.

मी त्याला पणजोबांच्या वहीचे फोटो पाठवले. आईला दर पंधरा दिवसांनी केईएमला कोण नेतं, गणपतीत घर कोण उघडं ठेवतं, तो परत येईल तेव्हा ज्या खोलीत येईल तिचं भाडं, दुरुस्ती, सोसायटीच्या मीटिंगा कोण सांभाळतं, हेही लिहिलं.

दोन दिवस उत्तर आलं नाही. मग शीट आली. 'घरी'च्या शेजारी एक नवा रकाना होता, 'घरून'. त्यात आकडे नव्हते. खाली लिहिलं होतं, "यात काय भरायचं ते तू सांग."

अजून भरतेय.