दिनविशेष : १ जून १८३१ – चुंबकीय उत्तर ध्रुव सापडला

कॅनडाच्या उत्तर भागात, बूथिया द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने आजच्या दिवशी चुंबकीय उत्तर ध्रुव गाठला. काका जॉन रॉस यांच्या मोहिमेचे ‘व्हिक्टरी’ जहाज बर्फात अडकलेले असताना त्याने ही पायपीट केली. चुंबकसुईचा जमिनीकडचा कल मोजणाऱ्या नतिमापकाची सुई ८९ अंश ५९ मिनिटांवर, म्हणजे जवळजवळ सरळ जमिनीकडे रोखलेली. धाग्याला आडव्या टांगलेल्या सुया मात्र जागच्या हलेनात. रॉसने तिथे दगडांची रास रचून झेंडा रोवला.

ध्रुव मात्र तिथे थांबणारा नव्हता. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातले वितळलेले लोखंड सतत वाहत असते. त्यातूनच चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि बदलतही राहते. १९०४ मध्ये नॉर्वेचा शोधप्रवासी रोआल्ड अमुंडसेन याने मोजमाप केले, तेव्हा ध्रुव सरकलेला आढळला. ध्रुवाचे हे स्थलांतर पहिल्यांदा सिद्ध झाले, म्हणून ते मोजमापही रॉसच्या शोधाइतकेच मोलाचे. १९९० नंतर ध्रुव सैबेरियाच्या दिशेने वर्षाला ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू लागला. अलीकडे तो वेग मंदावला आहे. पण ध्रुवाच्या या धावपळीमुळे, जहाजे, विमाने आणि मोबाइल ज्यावर विसंबतात, ते जागतिक चुंबकीय प्रारूप २०१९ मध्ये मुदतीआधीच सुधारावे लागले.