लाकडी कयाक बनवताय? इपॉक्सी घेताना गाव घाटावर की घाटाखाली, हेही पाहा

बुलढाणा : कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, हलकी होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांधे इपॉक्सीने भरायचे आणि वरून काचेचं कापड चढवायचं, अशी ती घरीही बनते. यात खिळे जवळपास नसतातच, सगळा भार सांध्यावर. खडकपूर्णा किंवा नळगंगेच्या मधोमध सांधा उकलला तर काठ लांब राहतो. म्हणून लाकडाइतकंच लक्ष इपॉक्सीकडे द्यावं लागतं.

लाकूड आणि इपॉक्सी टिकतं का?
टिकतं. गोव्यातल्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बनली. तिचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, वर काचेचं कापड आणि इपॉक्सी. याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

काय घेऊ नये
• हार्डवेअरच्या दुकानातली पाच मिनिटांत घट्ट होणारी ट्यूब. ती कपबशी जोडायला ठीक. सतत पाण्यात राहणाऱ्या सांध्याला नाही.
• पॉलिस्टर रेझिन. फायबरच्या टाक्या, पत्रे यांना हेच वापरतात. स्वस्त पडतं, पण लाकडाला नीट धरत नाही, काही काळाने पापुद्रा सुटतो. शिवाय त्याचं कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो.
• टेबल, दागिने, शोभेच्या वस्तू ओतायचं चकचकीत इपॉक्सी. ते साच्यासाठी असतं.

काय मागावं
दुकानात ‘लॅमिनेटिंग इपॉक्सी’ म्हणून मागावं. ते पातळ असतं, कापडात आणि लाकडात मुरतं. सांधा भरायला त्यातच चाळलेला बारीक लाकडाचा भुसा घालून चटणीसारखं घट्ट करतात. कापड विणलेलं घ्यावं. चुरा दाबून केलेली मॅट पॉलिस्टरसाठी असते, तिचा बांधक इपॉक्सीत विरघळत नाही. प्लायवूडवर मरीनचा आयएस ७१० शिक्का पाहावा.

घाटावर की घाटाखाली?
इपॉक्सी हे दोन डब्यांचं काम: रेझिन आणि हार्डनर. तापमान १० अंशांनी वाढलं की घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे वेगवान हार्डनर घेतला तर कापड बसण्याआधीच मिश्रण डब्यात गरम होतं, धूर निघतो, माल वाया जातो. घाटाखाली उन्हाळ्यात ‘स्लो’ हार्डनरच घ्यावा. घाटावर बुलढाणा, चिखली भागात हिवाळ्यात मध्यम किंवा वेगवान चालतो. एका वेळी थोडंच मिश्रण करावं आणि ते पसरट भांड्यात ओतावं.

मोजमाप अंदाजाने नको
जास्त हार्डनर टाकला की लवकर घट्ट होतं, हा गैरसमज आहे. प्रमाण चुकलं तर इपॉक्सी कायम चिकट, कच्चं राहतं. प्रत्येक मालाचं प्रमाण वेगळं. लॅपॉक्स एल-१२ सोबत के-६ हार्डनर घेतला तर १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम. दुसऱ्या काही मालात २ भागांना १, काहीत ५ भागांना १. ते वजनाने की मापाने, हे डब्यावर वाचावं. डिजिटल वजनकाटा वापरावा, २-३ मिनिटं कडा-तळ खरवडत ढवळावं.

काम करताना
• लाकूड सुकं हवं, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. सागवान तेलकट असतं, घासून थिनरने पुसून मगच लावावं.
• पहिला हात दुपार उतरल्यावर द्यावा. सकाळी ऊन वाढत जातं, लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे येतात.
• पावसाळी हवेत वर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि घासणीने धुवून मगच पुढचा हात.
• उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, भुकटी होते. वरून पीयू व्हार्निश किंवा फिक्या रंगाचा पेंट हवाच. होडी सावलीत ठेवावी.
• हातमोजे घालावेत. अंगावर लागलं तर साबणाने धुवावं, थिनरने नाही. एकदा ॲलर्जी झाली की पुढे थोड्यानेही त्रास होतो.

आधी चाचणी
मोठा डबा घेण्याआधी छोटा पॅक आणावा. प्लायवूडचे दोन तुकडे जोडून ७ दिवस ठेवावेत, एक दिवस पाण्यात भिजवावेत आणि हातोड्याने तोडावेत. लाकूड फाटलं तर माल चांगला. सांधा स्वच्छ सुटला तर माल, मोजमाप किंवा लाकूड यात खोट आहे. ती शोधल्याशिवाय होडीला हात लावू नये.

तयार होडी पहिल्यांदा काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात तपासावी. धरणात नेण्याआधी परवानगी घ्यावी. सांधा कितीही पक्का असला तरी लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरू नये.