सामुदायिक अध्ययन केंद्रे, एकविसाव्या शतकातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंद्र सरकारची अनुदान योजना. शाळा भरण्यापूर्वी, सुटल्यानंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब वस्त्यांतील मुलांना अभ्यासात मदत, कला, खेळ, विज्ञान व वाचनाची जोड मिळावी, तसेच त्यांच्या पालकांनाही शिकता यावे, यासाठी ती राबविली जाते. १९९४ मध्ये प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याची फेररचना झाली, तेव्हा ती अस्तित्वात आली. आज ती या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातील ‘ब’ भागात मोडते. केवळ शाळाबाह्य वेळेसाठी राखून ठेवलेला केंद्राचा हा एकमेव शिक्षणनिधी होय.

पार्श्वभूमी : शहरी कामगार वस्त्यांतील मुलांना दुपारनंतर आसरा देण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांच्या क्लबांनी आणि वस्तीतील सेवाकेंद्रांनी (सेटलमेंट हाउस) सुरू केले. शिकागोतील हल हाउस (१८८९) त्यांपैकी सर्वांत परिचित. मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे १९३५ साली मोटारउद्योजक चार्ल्स स्ट्यूअर्ट मॉट यांनी व्यायामशिक्षक फ्रँक मॅन्ली यांच्या आग्रहावरून शाळांच्या इमारती संध्याकाळी लोकांसाठी उघडण्यास पैसे दिले. लोकांच्या करातून बांधलेली इमारत दुपारी कुलूपबंद का राहावी, हा मॅन्ली यांचा सवाल पुढील साऱ्या योजनेच्या मुळाशी आहे.

इतिहास : व्हर्‌माँटचे सेनेटर जिम जेफर्ड्स आणि विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी स्टीव्ह गंडरसन या दोघा रिपब्लिकन सदस्यांनी योजनेचा पाठपुरावा केला. त्यांच्यापुढे प्रामुख्याने शाळा हीच मोठी सार्वजनिक इमारत असलेली खेडी होती. त्यामुळे मूळ कायद्यात मुलांच्या अभ्यासाला वेगळे प्राधान्य नव्हते. त्यात तेरा प्रकारची कामे सांगितली होती : साक्षरता वर्ग, वृद्धांसाठी कार्यक्रम, पाळणाघर, ग्रंथालयाचा वाढीव वेळ, रोजगारविषयक सल्ला, अपंगांसाठी सेवा इत्यादी. त्यांपैकी किमान चार करणाऱ्या शाळेला अनुदान मिळे. पहिली तरतूद अवघी साडेसात लाख डॉलरची होती.

क्लिंटन सरकारने योजनेचा रोख शाळकरी मुलांकडे वळविला. शाळेच्या दिवशी किशोरवयीनांचे हिंसक गुन्हे शाळा सुटण्याच्या सुमारास कळस गाठतात, ही आकडेवारी त्या काळात वारंवार मांडली गेली. नोकरी करणाऱ्या आयांच्या अडचणीपेक्षाही तिचा प्रभाव अधिक पडला, असे दिसते. तरतूद १९९८ मध्ये ४ कोटी, १९९९ मध्ये २० कोटी, २००० मध्ये ४५ कोटींवर आणि २००२ मध्ये १०० कोटी डॉलरवर गेली. शिक्षणक्षेत्रातील कोणतीही केंद्रीय योजना इतक्या थोड्या वर्षांत इतकी वाढल्याची उदाहरणे विरळ. चार्ल्स मॉट यांच्या प्रतिष्ठानने या काळात प्रशिक्षण व मूल्यमापनाचा मोठा भार उचलला.

जानेवारी २००२ मध्ये ‘एकही मूल मागे नको’ हा कायदा झाला आणि योजनेचे रूप पालटले. वाटप केंद्राकडून राज्यांकडे गेले, शाळांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि वाचन व गणितातील प्रगती हा मुख्य हेतू ठरला. वृद्धांचे कार्यक्रम आणि रोजगारसल्ला मागे पडले. २००७ पर्यंत तरतूद २५० कोटींवर नेण्याची परवानगी कायद्याने दिली होती. प्रत्यक्षात ती १०० कोटींच्या आसपास घुटमळत राहिली.

अनुदानाची रचना : केंद्राचा पैसा आधी राज्यांना मिळतो. कोणत्या राज्याला किती, हे गरीब मुलांसाठीच्या ‘प्रकरण एक’ निधीत त्या राज्याचा जेवढा वाटा असेल, त्या प्रमाणात ठरते. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याच्या २०१५ मधील फेररचनेनुसार राज्याने प्रशासनासाठी २ टक्क्यांपर्यंत आणि देखरेख, प्रशिक्षण व मूल्यमापनासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवावी. उरलेले किमान ९३ टक्के स्पर्धात्मक प्रस्ताव मागवून वाटावेत, असे बंधन आहे. एका अनुदानाची रक्कम वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा कमी नसते आणि मुदत तीन ते पाच वर्षांची असते. शाळा व स्थानिक संस्था यांनी मिळून केलेल्या प्रस्तावांना झुकते माप मिळते. राज्य स्थानिक वाटा मागू शकते, पण तो अनुदानापेक्षा जास्त असता कामा नये, आणि वस्ती जितकी गरीब तितका तो कमी करावा लागतो. आधीपासून मिळणारा पैसा काढून घेऊन त्या जागी हा निधी वापरता येत नाही.

प्रस्तावात लिहाव्या लागणाऱ्या बाबींत एक साधीशी अट आहे : मुले केंद्रावर कशी येतील आणि सुखरूप घरी कशी जातील. प्रत्यक्षात पुष्कळदा तीच कळीची ठरते. तीनच्या सुमारास घंटा होते, मुले भोजनगृहात जमतात, दुधाचे खोके आणि एखादे फळ घेतात. मग गृहपाठ, त्यानंतर यंत्रमानव जोडणे, नृत्य, बुद्धिबळ किंवा भाजीचे वाफे. आणि सहाला बस. ही संध्याकाळची बस शाळेच्या नेहमीच्या फेऱ्यांत नसते, तिच्या चालकाचे वेतन व इंधन अनुदानातूनच निघते. घरे मैलोन्‌मैल विखुरलेल्या जिल्ह्यांत वाहतूक मोठा वाटा खाऊन टाकते आणि शिकविणाऱ्यांसाठी कमी उरते. खाऊचा पैसा मात्र वेगळ्या हिशेबातून, कृषी खात्याच्या आहार योजनेतून येतो. त्यासाठी त्या भागातील शाळेत निदान निम्मी मुले मोफत वा सवलतीच्या जेवणास पात्र असावी लागतात.

स्पर्धेच्या या पद्धतीतच योजनेचा मोठा दोष आहे. चांगला प्रस्ताव लिहिण्यास माणसे लागतात : गरजेची आकडेवारी जमवणारा, अंदाजपत्रक बसवणारा, भागीदार संस्थांची पत्रे मिळवणारा. मोठ्या शहरातील शाळा मंडळाकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान गावात मुख्याध्यापकच रात्री बसून ते करतो. शिवाय मुदत संपते तेव्हा वस्तीतील दारिद्र्य संपलेले नसते. अनुदान संपल्यावर कार्यक्रम कसा चालेल याचा आराखडा कायदा अर्जातच मागतो. पण ज्या वस्तीत कर भरणारे उद्योग नाहीत आणि देणगीदार नाहीत, तिने तो कशाच्या आधारावर द्यावा, याचे उत्तर कायद्यात नाही. २०१५ पासून चांगले काम करणाऱ्या केंद्रांचे अनुदान मुदतीनंतर पुढे चालू ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, ही त्यातल्या त्यात मोलाची सुधारणा.

मूल्यमापन : मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेचा पहिल्या वर्षाचा अहवाल फेब्रुवारी २००३ मध्ये निघाला. प्राथमिक शाळांत चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे मुलांची निवड करून दोन गट तुलनेस घेतले होते. वाचन व गणितात फारसा फरक आढळला नाही. त्याच महिन्यात बुश सरकारने तरतूद १०० कोटींवरून ६० कोटींवर आणण्याचे सुचविले. अभिनेते आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी सेनेटच्या समितीपुढे कपातीविरुद्ध साक्ष दिली; काँग्रेसने कपात मान्य केली नाही. २००५ च्या अंतिम अहवालातही परीक्षेतील गुणांवर परिणाम दिसला नाही. प्राथमिक शाळेतील मुलांना दुपारनंतर अधिक सुरक्षित वाटते, एवढे मात्र नोंदले गेले. हजेरी अनियमित होती, तुलनेचे गट सारखे नव्हते, तपासलेली केंद्रे जुन्या नियमांखालची होती, असे आक्षेप घेतले गेले. संशोधक जोसेफ डुर्लाक व रॉजर वाइसबर्ग यांच्या २००७ च्या आढाव्यात, क्रमवार आखलेल्या, मुलांना कृतीत गुंतविणाऱ्या व निश्चित कौशल्यांवर वेळ देणाऱ्या कार्यक्रमांतच चांगले परिणाम दिसले. वाद मिटलेला नाही.

राज्ये व शहरे : लॉस अँजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली यांनी १९८८ मध्ये ‘एल. ए.ज बेस्ट’ हा उपक्रम सुरू केला. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २००२ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव ४९’ मंजूर केला. श्वार्झनेगर राज्यपाल होण्यापूर्वी त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. त्यानुसार राज्याच्या तिजोरीतून वर्षाला ५५ कोटी डॉलरपर्यंतचा निधी राखला गेला. न्यूयॉर्कमध्ये १९९८ पासून जॉर्ज सोरोस यांच्या देणगीतून असेच काम उभे राहिले.

सद्यःस्थिती : ट्रम्प सरकारने २०१८ सालासाठी योजना साफ बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, काँग्रेसने उलट सुमारे १२१ कोटी डॉलर दिले. २०२३ मध्ये तरतूद सुमारे १३३ कोटी होती. जुलै २०२५ मध्ये राज्यांना मिळावयाचा हप्ता सरकारने रोखून धरला. उन्हाळी वर्ग चालू होते आणि शरदातील नेमणुका करावयाच्या होत्या. दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी आवाज उठविल्यावर त्याच महिन्यात पैसा मोकळा झाला.

मूळ रहिवाशांच्या शाळा : त्यांच्यासाठी व अमेरिकी बेटप्रदेशांसाठी मिळून एकूण निधीच्या १ टक्क्यापर्यंत रक्कम राखून ठेवतात.