विजेच्या जुन्या गाड्या

१८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ही तारीख शाळकरी मुलासही पाठ असते. १९२५ सालची ३ फेब्रुवारी मात्र सहसा कोणास आठवत नाहीं. त्या दिवशीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी सुरू झाली. मुंबईच्या मध्यमवर्गाच्या आयुष्यास जें वळण लागलें, त्यांत या दुसऱ्या तारखेचा वाटा कमी नाहीं.

हा बदल केवळ हौसेचा नव्हता. उपनगरांची वस्ती वाढत होती आणि स्थानकें जवळजवळ होतीं. वाफेच्या इंजिनास वेग येतो न येतो, तोंच पुढचें स्थानक येई. शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडण्याची खटपट ती वेगळीच. विजेच्या गाडीच्या मोटारी डब्याखालींच असत. चालक एका टोकाची खोली सोडून दुसऱ्या टोकास जाऊन बसला कीं गाडी परतीस तयार! १९२८ सालीं बी. बी. अँड सी. आय. कंपनीच्या बोरिवलीपर्यंतच्या मार्गावरही वीज आली, आणि पार्ल्यास बिऱ्हाड करून कोटांतील कचेरीची वेळ गांठणें कारकुनास सोपें झालें.

विद्यार्थिदशेंत आम्ही ज्या गाड्यांनीं कॉलेजास जात असूं, त्या पुढच्या पिढीच्या. तथापि वीज तीच, १५०० व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी. गाडी सुटतांना पायांखालीं खट्‌खट् असा आवाज होई. त्याचा उलगडा आम्हांस पुष्कळ उशिरां झाला. उभ्या मोटारीस एकदम पूर्ण दाब दिल्यास तिला इजा होते. म्हणून प्रथम वाटेंत रोध घालावयाचे व वेग वाढेल तसतसे ते टप्प्याटप्प्यानें काढावयाचे. आवाज त्याचाच. त्या रोधांत पुष्कळशी वीज उष्णता होऊन वायां जाई.

पुढें २५,००० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आली. तिला उपकेंद्रें थोडीं पुरतात. संक्रमणाच्या वर्षांत दोन्ही विजांच्या सीमेवर दिवे व पंखे क्षणभर बंद पडत. भजनी मंडळींचा टाळ मात्र अंधारांतही चुकत नसे. पश्चिम रेल्वेवर हा बदल २०१२ सालीं पुरा झाला. मध्य रेल्वेवर जुन्या विजेची शेवटची गाडी ९ एप्रिल २०१६ च्या रात्रीं कुर्ल्याहून बोरीबंदरास गेली. एक्याण्णव वर्षांपूर्वीं जेथें आरंभ झाला, तेथेंच शेवट झाला.

या गाडीचे गुण गातांना एक गोष्ट लपवूं नये. आमचे वडील तीस वर्षें याच डब्यांतून कचेरीस गेले. सकाळीं आम्ही उठण्यापूर्वीं ते निघत, आणि रात्रीं परतत तेव्हां आम्ही निजलेले असूं. विजेच्या गाडीमुळेंच त्यांना दोन खोल्यांचें, अंगणाचें घर मिळालें. त्या घरांत बसावयास फुरसत मात्र रविवारीं काय ती मिळाली. या गाड्यांचा इतिहास लिहितांना जमेच्या बाजूस घर मांडावें, हें योग्यच. परंतु खर्चाच्या बाजूस त्या संध्याकाळीही मांडल्या पाहिजेत.