साहेबाचं हिंदी आणि आपलं

गेल्या दिवाळीत माझी भाची नवऱ्याला घेऊन पुण्याला आली. जावई इंग्रज, लीड्सचा. लग्नाला तीन वर्षं झाली, पण भारतात यायची त्याची ही पहिलीच वेळ. दोघं आले ते पहाटे. मी टॅक्सीपाशी जाईपर्यंत जावईबापूंनी गेटवरच्या वॉचमनकडे बघून एकदम खणखणीत आवाजात सांगितलं, "इधर आओ! सामान उठाओ! जल्दी!"

चेहऱ्यावर छान हसू, उच्चार जवळजवळ बिनचूक. वॉचमन पंचावन्नच्या आसपासचे, गाझीपूरकडचे. ते काही न बोलता आले, दोन बॅगा उचलून लिफ्टपर्यंत आणल्या आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

वर आल्यावर भाचीने त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा कानापर्यंत लाल! सहा महिने घोकून पाठ केलेलं पहिलंच वाक्य, आणि ते असं निघालं. (मराठी सोडून हिंदी का, हे आम्ही सगळ्यांनी विचारून झालं. त्याचं उत्तर पुढे येतंय.)

त्याने बॅगेतून एक जुनं पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, शिवण सुटलेली. त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धानंतर काही महिने देवळालीच्या छावणीत होते. परत जाताना त्यांनी हे पुस्तक नेलं आणि ते माळ्यावर पडून राहिलं. हिंदुस्तानी शिकवणारं, पण सगळं रोमन लिपीत. देवळाली म्हणजे आपल्या नाशिकची. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथे महिनोन्‌महिने पडून असत आणि काहींची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत 'डुलाली' हा वेडा या अर्थाचा शब्दच तयार झाला. पूर्वी तो 'डुलाली टॅप' असा होता, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप!

पुस्तक मी दुपारभर चाळलं. पाणी आण, घोडा आण, दार बंद कर, दिवा लाव, चूप राहा, हिशेब दाखव. पहिल्या तीस-चाळीस पानांत एकही माणूस दुसऱ्याला 'तुम्ही कसे आहात' असं विचारत नाही. जावयाने ही पानं मन लावून पाठ केली होती. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत आणि क्रियापदही त्यांच्याबरोबर आ, आओ, आइए असं वर चढतं, हे त्याला कोण सांगणार? पुस्तकातल्या साहेबाला तिसऱ्या पायरीची गरज फारशी पडतच नव्हती.

मग मला जरा नादच लागला. इंग्रजांनी हिंदी शिकायला सुरुवात केली तरी कशी?

युरोपियन माणसाने लिहिलेलं हिंदुस्तानीचं पहिलं ज्ञात व्याकरण आहे योआन योशुआ केटेलार याचं, डच भाषेतलं. त्याची एक प्रत १६९८ साली लखनौला उतरवली गेली. केटेलार डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, म्हणजे शिकायचं कारण व्यापार. इंग्रजांपैकी जॉर्ज हॅडलीचं व्याकरण १७७२ मध्ये लंडनला छापलं गेलं. हा बंगालच्या फौजेतला अधिकारी. देशी शिपायांची तुकडी हाताखाली आली आणि त्यांच्याशी बोलता येईना, म्हणून त्याने भाषा शिकून घेतली. इंग्रज तेव्हा या भाषेला 'मूर्स' म्हणत. म्हणजे हुकूम देणं ही गरज अगदी पहिल्या धड्यापासूनची आहे.

या गोष्टीतला खरा नायक मात्र जॉन बोर्थविक गिलख्रिस्ट. जन्म एडिंबरोचा, १७५९ सालचा. १७८२ मध्ये तो मुंबईला उतरला आणि कंपनीच्या फौजेत डॉक्टरचा सहायक झाला. सुरतेहून पार फतेहगडपर्यंत फौजेबरोबर चालत जाताना त्याच्या लक्षात आलं की मुलुख बदलतो, तरी हिंदुस्तानी बहुतेक ठिकाणी चालून जाते. कंपनीचा भर तेव्हा फारसीवर होता. गिलख्रिस्ट सुट्टी काढून फैजाबादला जाऊन राहिला, दाढी वाढवली, देशी कपडे घातले आणि भाषेच्या मागे लागला. पुढे तो गाझीपूरला गेला. तिथे नीळ पिकवायची आणि कोशाचं काम करायचं असा त्याचा दुहेरी उद्योग होता. इंग्रजी-हिंदुस्तानी कोश त्याने १७८६ पासून हप्त्याहप्त्याने छापला आणि १७९६ मध्ये व्याकरण काढलं.

गाझीपूर वाचून मी थबकलो. आमचे वॉचमन तिथलेच.

१८०० साली वेलस्लीने कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. कॉलेज स्थापन झालं जुलैत, पण कागदोपत्री तारीख घातली ४ मे. कारण आदल्या वर्षी त्याच दिवशी श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला होता! विलायतेहून येणारी सोळा-अठरा वर्षांची पोरं इथे शिकायची आणि मग जिल्ह्यांचा कारभार बघायला जायची. हिंदुस्तानीचा प्रोफेसर झाला गिलख्रिस्ट.

आणि इथे मला गंमत वाटते. या पोरांना वाचायला सोपं गद्य हवं होतं आणि तसं तयार फारसं नव्हतं. म्हणून गिलख्रिस्टने मुनशी नेमून ते लिहवून घेतलं. दिल्लीच्या मीर अम्मनने 'बाग-ओ-बहार' लिहिलं. आग्र्याच्या लल्लूलालने 'प्रेमसागर' लिहायला घेतलं, ते पूर्ण छापून झालं १८१० मध्ये. एक आज उर्दू गद्याच्या इतिहासात मानाने घेतलं जातं, दुसरं हिंदीच्या. नवशिक्यांची क्रमिक पुस्तकं ही! एकाच कॉलेजात एकीकडे फारसी लिपीतलं आणि दुसरीकडे नागरीतलं गद्य तयार होत होतं. हिंदी आणि उर्दू वेगळ्या वाटेला लागल्या त्यात या कॉलेजाचा हात किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

आपल्या मराठीचीही गोष्ट फार वेगळी नाही. त्याच कॉलेजात विल्यम कॅरे मराठी शिकवत होता. त्याचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. या कामात वैजनाथ पंडितांचा मोठा वाटा होता. कॅरेचं नाव शाळेत कानावरून जातं, वैजनाथांचं किती जणांनी ऐकलंय? शिकणाऱ्याचं नाव पुस्तकावर येतं. शिकवणाऱ्याचं आलं तर आलं.

पण कॉलेजातून बाहेर पडलं की पुन्हा तेच. हिंदुस्तानी फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना भाषेची परीक्षा द्यावी लागे, त्यासाठी पदरचे पैसे मोडून मुनशी ठेवावा लागे, पास झालं की बक्षीस मिळे. साध्या सोल्जरांना कुठला मुनशी? ते ऐकून ऐकून उचलत. त्यांनी परत जाताना काय नेलं बघा. 'डेको' म्हणजे नजर टाकणे, हा आपला 'देखो'. 'जिल्डी' म्हणजे जल्दी. 'चोकी' म्हणजे तुरुंग, चौकीवरून. आणि तो जुना विनोद तर प्रसिद्धच आहे: साहेबाला 'दरवाजा बंद कर' म्हणायचं असेल तर त्याने घाईघाईत 'देअर वॉज अ बँकर' म्हणावं, आणि 'दरवाजा खोल दे' साठी 'देअर वॉज अ कोल्ड डे'. दोन्ही वाक्यं हुकमाचीच, बरं का!

खुद्द राणीचंही तसंच. १८८७ मध्ये, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, आग्र्याचा अब्दुल करीम व्हिक्टोरियाच्या चाकरीत आला. ती तेव्हा अडुसष्ट वर्षांची. नोकरांशी बोलता यावं म्हणून थोडे हिंदुस्तानी शब्द शिकते आहे, अशी नोंद तिने स्वतःच केली आहे. सुरुवात नोकरांपासून! पण ती तिथे थांबली नाही. पुढची तेरा वर्षं ती शिकत राहिली, उर्दू लिपीत रोजनिशीच्या ओळी लिहायला लागली, आणि करीमला तिने चाकराचा मुनशी केला. दरबारातल्या लोकांना हे अजिबात रुचलं नाही. १९०१ मध्ये ती गेली आणि तिच्या मुलाच्या हुकमावरून तिची करीमला आलेली पत्रं जाळण्यात आली. राणी त्या भाषेत हुकमापलीकडचं काही बोलत होती, हेच बहुधा त्यांना सलत असावं.

असो. हे सगळं मी रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने जावयाला सांगितलं. दोष तुझा नाही, पुस्तकाचा आहे, असं म्हणून त्याची पाठही थोपटली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मग तुम्ही त्यांना काय म्हणता?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी काय म्हणतो? "वॉचमन, वो गाडी हटाने को बोलो." "ए भैया, पानी कब आएगा?" मी लहानपणी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या आहेत. कीजिए, लीजिए, पधारिए सगळं मला येतं. मार्कही बरे पडले होते. पण ते पेपरात लिहायचं हिंदी. रस्त्यावरचं, रिक्षाचं, भाजीचं, गेटवरचं हिंदी मी वेगळं शिकलो आणि ते जवळजवळ सगळं त्या माळ्यावरच्या पुस्तकातलं आहे. आणा, उचला, हलवा, किती, लवकर.

यावर आपलं एक ठरलेलं समर्थन असतं. मराठीत 'बसा' म्हटलं की मान दिला जातो, म्हणून आपण 'बैठो' म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो. खरं आहे ते. 'आप बैठो' हे आपल्याकडचं वाक्य त्यातूनच आलंय. पण मी 'आप बैठो' तरी कुठे म्हणत होतो? बँकेतल्या हिंदी बोलणाऱ्या मॅनेजरशी बोलताना मला बरोबर 'बैठिए' आठवतं. म्हणजे व्याकरण कच्चं नाही. समोर कोण आहे, हे बघून मी धडा निवडतो. जावयाला निदान माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खाली गेलो. जावयाने रात्री बसून तीन वाक्यं पाठ केली होती. पहिलं, "नमस्ते, आप कैसे हैं?" वॉचमन खुर्चीवरून उठायला लागले, तर हा घाईने म्हणाला, "बैठिए, बैठिए." ते बघतच राहिले आणि मग हसले. "हम ठीक हैं बाबू, आप कहिए." याची तिसरी ओळ होती, "आपका नाम क्या है?" त्यांनी नाव सांगितलं. याने आपलं सांगितलं. मग गाझीपूर, मुलीचं लग्न, गंगेचं पाणी, असं बरंच बोलणं झालं. त्यातलं त्याला निम्मंही कळलं नसेल. मी मधे उभा राहून इंग्रजी करून देत होतो, म्हणजे मीच मुनशी!

नाव मी ऐकलं. ते इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही म्हणून. पण ते आमच्या गेटवर नऊ वर्षं आहेत आणि मला ते त्या दिवशी, लीड्सहून आलेल्या माणसाच्या तिसऱ्या धड्यात कळलं.

तुम्ही कुठलं हिंदी शिकलात? शाळेतलं नव्हे, दुसरं. एकदा आठवून बघा.